कुत्र्याला व्हिटॅमिन-कॅल्शियम द्यायचं का? आधी भांड्यात काय पडतंय ते लिहून काढा

पिल्लू आणायला गेलं की पट्टा, बाऊल आणि कॅल्शियमची बाटली एकाच पिशवीत घरी येतात. बाटली आपण मागितलेली नसते, दुकानदार "पपी आहे, लागतंच" म्हणतो आणि आपणही नवीन असतो म्हणून घेऊन टाकतो. मग महिन्याभरात कोणीतरी मल्टिव्हिटॅमिन ड्रॉप्स सांगतं, कोणी लिव्हर टॉनिक, कोणी केसांसाठी ओमेगा, आणि फ्रीजच्या दारात कुत्र्याच्या बाटल्या आपल्या लोणच्यांपेक्षा जास्त होतात. यातलं किती खरंच लागतं? बहुतेक घरांत काहीच नाही, काही घरांत मात्र खूप लागतं आणि नेमकं तिथेच दिलं जात नाही. तुमचं घर कुठल्या गटात आहे ते कसं ओळखायचं ते सांगतो. मी व्हेट नाही, घरात कुत्री आहेत आणि या विषयाचं वाचायचा नाद आहे, त्यामुळे औषधाचा डोस इथे मिळणार नाही.

पायरी १: आठवडाभर सगळं लिहून काढा

सप्लिमेंटचा प्रश्न बाटलीपासून नाही, जेवणापासून सुरू होतो. एक आठवडा कुत्र्याच्या पोटात जाणारं सगळं लिहा, सगळं म्हणजे सगळं. सकाळचे डॉग फूडचे दाणे किती ग्रॅम, दुपारी आजीने गुपचूप दिलेली तूप लावलेली पोळी, चहासोबतची बिस्किटं, मुलाने टेबलाखाली टाकलेलं पनीर, डेंटल स्टिक, शेजारच्या काकूंचा दूध-भात. घरातल्या प्रत्येकाला विचारा आणि ओरडू नका, नाहीतर खरं कळणार नाही. "आमचा फक्त डॉग फूडच खातो" असं छातीठोक सांगणाऱ्या घरात आठवडाभर लिहिल्यावर रोजच्या दोन पोळ्या आणि कपभर दूध निघतं.

हिशेब मग सोपा आहे. अंदाजे नव्वद टक्के कॅलरी चांगल्या पूर्ण डॉग फूडमधून येत असतील आणि वरचं सटरफटर दहा टक्क्यांच्या आत असेल तर निरोगी कुत्र्याला वेगळं व्हिटॅमिन-मिनरल द्यायची गरज नाही, पायरी २ नीट करा आणि ३ वाचून घ्या. अर्ध्याहून जास्त जेवण घरचं असेल, चिकन-भात, दूध-पोळी, अंडी, काहीही, तर पायरी ४ तुमच्यासाठी आहे आणि ती लांब आहे.

पायरी २: पाकीट उलटं करून वाचा

पुढच्या बाजूला चमकणारा कुत्रा आणि भाज्यांचे फोटो असतात, ते सोडा. मागे बारीक अक्षरात एक वाक्य शोधायचं: हे अन्न 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' आहे आणि कुठल्या वयासाठी आहे. बऱ्याच पाकिटांवर एएएफसीओ किंवा फेडियाफ यांच्या मापदंडाचा उल्लेख असतो, पहिला अमेरिकेचा, दुसरा युरोपचा. हे वाक्य असेल तर कॅल्शियम, फॉस्फरस, झिंक, कॉपर, आयोडीन, ए, डी, ई, बी गटातली सगळी व्हिटॅमिनं त्यात आधीच घातलेली आहेत. घटकांच्या यादीत शेवटी जी झिंक सल्फेट, कॉपर सल्फेट, पोटॅशियम आयोडाइड वगैरे भयाण नावं दिसतात आणि लोक "केमिकल आहे" म्हणून घाबरतात, तीच तुमची सप्लिमेंट, कंपनीने आधीच मिसळून दिलेली.

'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'ट्रीट' लिहिलेलं असेल तर ते पूर्ण जेवण नाही. ग्रेव्हीची पाकिटं घेताना हे हमखास बघा, काही पूर्ण असतात काही नुसती चवीला. वय पण बघा, दोन महिन्यांच्या पिल्लाला मोठ्या कुत्र्याचे दाणे स्वस्त पडतात म्हणून घातले तर ते पिल्लासाठी पूर्ण नाहीत.

आणि सुटं डॉग फूड. आपल्याकडे पोत्यातून किलोवर मोजून देतात, स्वस्त पडतं, कबूल. पण लेबल नाही, तारीख नाही, पोतं कधी उघडलंय ते माहीत नाही, आणि जुलै-ऑगस्टात ते तसंच उघडं पडलं असेल तर हवेने आणि दमटपणाने त्यातली चरबी खवट होते, काही व्हिटॅमिनं कमी होत जातात आणि बुरशी लागली तर तिचं विष वेगळंच. खवट तेलासारखा वास आला तर ते घेऊच नका. त्यापेक्षा छोटं बंद पाकीट घ्या, मूळ पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि महिन्या-दीड महिन्यात संपवा. सुटं खाऊ घालून वर व्हिटॅमिनचे ड्रॉप्स घालणं म्हणजे दोनदा पैसे घालवणं.

पायरी ३: मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर हात आवरा

लॅब, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड. या पिल्लांचे मालक कॅल्शियम सगळ्यात हौसेने देतात आणि सगळ्यात जास्त नुकसान यांचंच होतं.

कारण असं की पूर्ण वाढ झालेलं कुत्रं गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम आलं की आतड्यातून शोषणं कमी करतं, बाकीचं शीतून बाहेर. साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला हे नीट जमत नाही, जेवढं पोटात जाईल त्यातला मोठा हिस्सा शोषला जातोच, गरज असो नसो. मग हाडांची वाढ बिघडते, सांध्यातली कूर्चा नीट हाडात बदलत नाही, पाय वाकतात, पिल्लू लंगडायला लागतं. हे ग्रेट डेनच्या पिल्लांवर १९८० च्या दशकातच प्रयोग करून दाखवलेलं आहे. म्हणूनच एएएफसीओने ज्या पिल्लांचं मोठेपणी वजन साधारण ३२ किलो किंवा जास्त होणार त्यांच्या अन्नात कॅल्शियमची कमाल मर्यादा कोरड्या वजनाच्या १.८ टक्के ठेवली आहे, बाकीच्यांसाठी ती २.५ आहे. म्हणजे मोठ्या जातीला कमी, जास्त नाही. "मोठा कुत्रा, मोठी हाडं, म्हणून जास्त कॅल्शियम" हे ऐकायला पटतं, पण आहे उलटं. लार्ज ब्रीड पपी म्हणून वेगळं फूड मिळतं ते याचसाठी, ते घ्या आणि बाटली परत करा.

पाय वाकडे दिसले की लोक काय करतात, कॅल्शियमचा डोस वाढवतात. वाकडे पाय कमी कॅल्शियमने पण होतात आणि जास्तीने पण, डोळ्यांनी बघून फरक सांगता येत नाही, एक्स-रे काढावा लागतो. शिवाय घरातली गुळगुळीत फरशी हा वेगळाच विषय, पिल्लू दिवसभर घसरत असेल तर पाय फाकतातच, चटया-पायपोस टाका, स्वस्त उपाय आहे.

आता कानांबद्दल, कारण हा प्रश्न येणारच. जर्मन शेफर्डचे कान उभे राहावेत म्हणून कॅल्शियम देतात, आपल्याकडे हे जवळजवळ शास्त्र म्हणून सांगितलं जातं. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांच्या पिल्लाचे कान साडेचार महिन्यांचं असताना उभे राहिलेले परत पडले, काका बिचारे रोज दोन वेळा सिरिंजने कॅल्शियम पाजत होते, पिल्लू तोंड वळवून अर्धं सिरप काकांच्या लेंग्यावर. कान कूर्चेचे असतात, हाडाचे नव्हेत, ते उभे राहणं-न राहणं बरंचसं आनुवंशिक आहे. दात बदलायचं वय असतं, चार ते सहा-सात महिने, तेव्हा कान वर-खाली होतात, एक वर एक खाली असंही दिसतं. दात आले की ज्यांचे उभे राहायचे ते राहतात. काकांच्याचे राहिले, आणि श्रेय अर्थातच सिरपला गेलं.

गाभण कुत्री घरात असेल तर हीच गोष्ट अजून गंभीर आहे. गाभणपणात कॅल्शियम पाजत राहिलं की हाडातून कॅल्शियम काढायची शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि बाळंतपणानंतर दूध सुरू झाल्यावर एकदम लागतं तेव्हा ती जागी होत नाही. मग रक्तातलं कॅल्शियम घसरतं, कुत्री धापा टाकते, थरथरते, पाय ताठ होतात, झटके येतात. पॉम म्हणजे पोमेरेनियनसारख्या लहान जातीत, पिल्लं जास्त असतील तर बाळंतपणानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत ही भीती जास्त. तेव्हा थांबायचं नाही, रात्र असली तरी दवाखाना. गाभणपणात चांगलं पपी फूड द्या, ते पुरतं, बाळंतपणानंतर काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

पायरी ४: घरचं जेवण असेल तर वही काढा

घरचं जेवण वाईट नाही, मी त्याच्या विरोधात नाही. पण नुसतं ताजं म्हणजे पूर्ण नव्हे. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या पशुआहार तज्ज्ञांनी पुस्तकांतल्या आणि वेबसाइटवरच्या कुत्र्यांच्या २०० पाककृती तपासल्या, त्यातल्या ९५ टक्क्यांत एखादं तरी आवश्यक पोषणद्रव्य कमी भरलं. तिथे लोक मोजून-मापून पाककृती लिहितात तरी ही गत, आपल्याकडे तर "एक डाव भात आणि थोडं चिकन" हेच माप.

उदाहरण घेऊ. १० किलोचं मोठं झालेलं, नसबंदी केलेलं कुत्रं, दिवसाला साधारण ६०० ते ६५० कॅलरी. रोज २०० ग्रॅम बोनलेस चिकन आणि अडीचशे ग्रॅम शिजलेला भात, थोडा दुधी-गाजर. प्रोटीन मस्त, कुत्रं खूश. आता कॅल्शियम: त्याला दिवसाला अंदाजे ०.८ ग्रॅम हवं. १०० ग्रॅम चिकनमध्ये १०-१५ मिलिग्रॅम असतं, भातात नावापुरतं. म्हणजे ८०० हवेत आणि मिळतात पन्नासेक. उलट चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर, १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि हाडांना दोन्ही प्रमाणात लागतात, कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा निदान थोडं तरी जास्त. हे महिनोन् महिने असंच चाललं तर शरीर स्वतःच्या हाडातून कॅल्शियम काढून रक्तात टाकतं, हाडं पोकळ होतात, पिल्लू असेल तर साध्या उडीने पाय मोडतो.

इथे एक गंमत आहे जी खूप जणांना फसवते. रक्त तपासलं तर कॅल्शियम नॉर्मल येतं, कारण शरीर हाडं खर्ची घालून ते नॉर्मल ठेवतंच. तेव्हा "रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे जेवण बरोबर आहे" असं नाही.

मग आपल्याकडचे नेहमीचे उपाय, एकेक करून.

दूध: १०० मिलीत १२० मिलिग्रॅम धरा, म्हणजे आपल्या १० किलोच्या कुत्र्याची गरज दुधाने भागवायला साडेसहाशे मिली पाजावं लागेल. बहुतेक वयाने मोठ्या कुत्र्यांना एवढं दूध पचत नाही, रात्रभर जिन्याच्या वरखाली फेऱ्या. वर दुधात स्वतःचा फॉस्फरस असतो त्यामुळे चिकनचं बिघडलेलं प्रमाण काही सुधारत नाही.

नाचणी: कॅल्शियमसाठी नाव मोठं, आणि धान्यांत खरंच सगळ्यात वर, १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम. पण १०० ग्रॅम नाचणीचं पीठ म्हणजे त्या कुत्र्याच्या निम्म्या दिवसाच्या कॅलरी झाल्या आणि कॅल्शियम मिळालं निम्म्याहून कमी, त्यातही धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य काही कॅल्शियम धरून ठेवतं, शोषू देत नाही. चवीला, बदल म्हणून नाचणी द्या, छान आहे, पण "नाचणी घालतो म्हणजे झालं" असं नाही.

हाडांचं सूप, पाया उकळून दिलेलं पाणी: जिलेटिन येतं, वास येतो, कुत्रं तुटून पडतं, कॅल्शियम मात्र पाण्यात फारसं उतरत नाही, ते हाडातच राहतं. आणि शिजवलेली कोंबडीची हाडं द्यायची नाहीत, तुकडे टोकदार होतात.

अंड्याचं कवच: हे खरंच काम करतं. कवच म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. कवचं धुऊन, उकळून, कोरडी करून मिक्सरला अगदी मैद्यासारखी दळायची, कणी राहिली तर गाळून परत दळायची. एक सपाट चमचा, चहाचा, म्हणजे साधारण २ ग्रॅम कॅल्शियम. आपल्या उदाहरणातल्या कुत्र्याला रोज पाव ते अर्धा चमचा यांच्या मधलं काहीतरी पुरतं. फॉस्फरस यात जवळजवळ नाही, आणि मांसाच्या जेवणाला नेमकं तेच हवं असतं. बाजारातली बरीच सिरपं कॅल्शियम-फॉस्फरस-डी३-बी१२ अशी एकत्र असतात, मांसाहारी जेवणावर वरून अजून फॉस्फरस कशाला? लेबल वाचून घ्या. आणि हे माप पूर्ण घरचं जेवण खाणाऱ्या मोठ्या कुत्र्याचं आहे, डॉग फूड खाणाऱ्याला आणि पिल्लांना हे लावू नका.

पण गोष्ट कॅल्शियमवर संपत नाही, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. त्याच ताटलीत झिंक बघा: दिवसाला १२ मिलिग्रॅमच्या आसपास हवं, चिकनमधून येतं दोन-चार. व्हिटॅमिन डी: आपल्याला ऊन पुरतं, कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं तयार होत नाही, त्याला ते खाण्यातूनच लागतं, त्यामुळे "रोज गच्चीवर उन्हात बसवतो" याचा डीशी काही संबंध नाही. व्हिटॅमिन ई कमी, कॉपर कमी, आयोडीन तर जवळजवळ नाहीच.

आयोडीनवरून मीठ आठवलं. "कुत्र्याला मीठ दिलं की केस गळतात" हे तुम्ही ऐकलं असेलच, त्यामुळे बरीच घरं कुत्र्याचं अळणी शिजवतात. खारट द्यायचं नाही हे बरोबर, वेफर्स-फरसाण-सुकट नकोच, पण चिमूटभर मिठाने केस गळत नाहीत. आता कोणी म्हणेल मग आयोडीनयुक्त मीठ घालतो, प्रश्न मिटला. मिटत नाही. १ ग्रॅम मिठातून १५ ते ३० मायक्रोग्रॅम आयोडीन मिळतं, आणि या कुत्र्याला रोज दीडशेच्या आसपास हवं, तेवढं मीठ घातलं तर ते जेवण तोंडात घालवणार नाही.

म्हणून घरचंच द्यायचं ठरलं असेल तर दोनच मार्ग मला पटतात. एक, कुत्र्यांच्या आहाराचं शिक्षण घेतलेल्या व्हेटकडून वजन-वयाप्रमाणे ग्रॅममध्ये पाककृती लिहून घ्या, त्यात कुठली पावडर किती ते पण येतं. आजकाल हे ऑनलाइन पण होतं. नाहीतर शिरवळ, नागपूर किंवा मुंबईत परळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यात विचारून बघा, परळचं कॉलेज तर १८८६ पासूनचं आहे. दोन, घरच्या जेवणासाठी म्हणून जी बॅलन्सर पावडर मिळते, जिच्यात कॅल्शियम, झिंक, कॉपर, आयोडीन, डी, ई सगळं असतं आणि किती ग्रॅम मांसाला किती घालायची ते लिहिलेलं असतं, ती घ्या. साधे मल्टिव्हिटॅमिन ड्रॉप्स ते काम करत नाहीत, त्यात बहुतेक बी गट असतो आणि बी गटाची कमतरता चिकन खाणाऱ्या कुत्र्याला तशीही फारशी नसते.

एवढं जमणार नसेल तर मधला मार्ग आहे, निम्म्याहून जास्त चांगलं डॉग फूड आणि वरून घरचं. शाकाहारी घरांना मी हेच सांगतो. दूध-पोळीवर कुत्रं जगतं, शेपूट पण हलवतं, माणसासोबत राहून कुत्र्यांना धान्य पचवता येऊ लागलंय हे खरंच आहे, पण पचणं आणि पुरणं वेगळं. अंडं चालत असेल तर उकडलेलं द्या, कच्चं नको, कच्च्या पांढऱ्यातलं ॲव्हिडिन हे प्रोटीन बायोटिनला, म्हणजे केसांना लागणाऱ्या व्हिटॅमिनला, धरून ठेवतं, गंमत म्हणजे लोक ते केसांसाठीच देतात.

कलेजी: सगळी व्हिटॅमिनं एका जागी, म्हणून लोक रोज देतात. रोज नको. त्यात व्हिटॅमिन ए एवढं असतं की ते साठत जाऊन हाडं-सांधे दुखवतं. एकूण जेवणाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवा. आणि तुमचं कुत्रं लॅब असेल तर मटणाच्या कलेजीपेक्षा कोंबडीची बरी, मटणाच्या कलेजीत कॉपर बरंच जास्त असतं आणि काही लॅबच्या यकृतात कॉपर साठायची खोड असते.

सोसायटीतल्या कुत्र्यांना बादलीभर चिकन-भात घालणाऱ्या ताई-दादांसाठी एवढंच: तुमचं एकच वेळचं जेवण असतं, बाकी ती बाहेर काय खातात माहीत नाही, हिशेब जमणार नाही. पैसे असतील तर आधी जंतांचं औषध आणि रेबीजची लस, मग आठवड्यातून दोनदा अंडी. टॉनिक शेवटी.

पायरी ५: लक्षण बघून बाटली आणू नका

केस गळतात म्हणून ओमेगा, माती खातो म्हणून कॅल्शियम, सुस्त आहे म्हणून आयर्न टॉनिक. ही घाई महागात पडते.

केस गळायची कारणं: ऋतू बदलला, गोचीड-पिसवा, खरूज, बुरशी, ॲलर्जी, थायरॉईड. व्हिटॅमिनची कमतरता या रांगेत बरीच मागे उभी आहे. हस्की आणि मालाम्यूट याला अपवाद, या जातीतल्या काही कुत्र्यांना झिंक शोषताच येत नाही, डोळ्यांभोवती, ओठांवर खपल्या धरतात, त्यांना झिंक द्यावं लागतं पण डॉक्टरने निदान केल्यावर. आणि हो, जास्त कॅल्शियम दिलं की झिंक कमी शोषलं जातं, म्हणजे हाडांसाठी दिलेल्या बाटलीने कातडी बिघडू शकते.

माती खाणं: आधी शी तपासा, जंत बघा.

सुस्ती आणि फिकट हिरड्या: ओठ वर करून हिरड्या बघायची सवय लावा, गुलाबी हव्यात. पांढुरक्या दिसल्या, ताप, खाणं बंद, तर आपल्याकडे पहिली शंका गोचीडतापाची किंवा पिल्लात अंकुशकृमींची. रक्ततपासणी करा, त्याच दिवशी. आयर्न टॉनिक पाजत आठवडा घालवला तर टॉनिकचं काही जात नाही, कुत्र्याचं जातं.

व्हिटॅमिन सी वेगळं द्यायची गरज नाही, कुत्रं स्वतःच्या यकृतात बनवतं. लिंबू-आवळ्याचे प्रयोग थांबवा, बिचाऱ्याचं तोंड बघवत नाही.

ज्याचा खरंच उपयोग होऊ शकतो

फिश ऑइल. खाज, सांधेदुखी, काही हृदय-किडनीच्या आजारांत डॉक्टर देतात आणि त्याला बऱ्यापैकी आधार आहे. १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये खरा कामाचा ईपीए-डीएचए, म्हणजे माशातला ओमेगा-३, बहुधा ३०० मिलिग्रॅमच असतो, बाकी नुसतं तेल, त्यामुळे मागची बाजू वाचूनच किंमत ठरवा. जवसातला ओमेगा कुत्र्याच्या शरीरात फार थोडा ईपीए-डीएचएमध्ये बदलतो, त्याच्यावर भिस्त नको. कोकणात-गोव्यात असाल तर तारली किंवा बांगडा, बिनमिठाचा, उकडून, काटे काढून, आठवड्यातून एक-दोनदा, कॅप्सूलपेक्षा मला हेच आवडतं आणि कुत्र्याला तर विचारूच नका. एक घोळ टाळा: कॉड लिव्हर ऑइल म्हणजे फिश ऑइल नव्हे, ते माशाच्या यकृताचं तेल, त्यात ए आणि डी भरपूर, फिश ऑइलच्या मापाने दिलं तर जास्त होतं.

सांध्यांसाठी देतात त्या ग्लुकोसामाइनचा अनुभव मिश्र, म्हाताऱ्या लॅबला आधी वजन कमी करा, त्याने जास्त फरक पडतो. प्रोबायोटिक जुलाबात काही दिवस ठीक. किडनीचा त्रास असलेल्या कुत्र्याला मात्र स्वतःहून काहीच नाही, फॉस्फरस आणि डी तिथे विषासारखे लागू शकतात.

पायरी ६: माणसांची व्हिटॅमिनं वरच्या कपाटात

डी३ ची ६०,००० युनिटची कॅप्सूल किंवा पाकीट, दर रविवारी घ्यायचं म्हणून डायनिंग टेबलवर ठेवलेलं असतं. ६०,००० युनिट म्हणजे दीड मिलिग्रॅम. कुत्र्यात किलोमागे ०.१ मिलिग्रॅमला त्रास सुरू होऊ शकतो, ०.५ ला प्रकरण गंभीर. तीन किलोच्या पॉमने एकच कॅप्सूल चघळली तर हिशेब थेट ०.५ ला पोचला. लक्षणं लगेच नाहीत, बारा तास ते दीड दिवसाने उलट्या, सारखं पाणी, सारखी लघवी, आणि तोवर किडनीवर घाला बसलेला असतो. "अजून ठणठणीत आहे" म्हणून वाट बघू नका.

लोहाच्या गोळ्या तशाच. सरकारी लोह-फॉलिक ॲसिडच्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, १० किलोच्या कुत्र्याने दहाची पट्टी फस्त केली तर किलोमागे ६० झालं, हे जिवावर बेतणारं आहे. चघळायच्या शुगरफ्री गोळ्या आणि गमी यांत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) असू शकतं, त्याने रक्तातली साखर झपाट्याने पडते, यकृतही जाऊ शकतं.

असं काही खाल्लं तर उरलेली पट्टी किंवा पाकीट हातात घ्या, किती गोळ्या गेल्या असतील ते मोजा, कुत्र्याचं वजन आणि किती वाजता खाल्लं ते लिहा, आणि दवाखान्यात फोन करत करतच निघा. पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टर उलटी करवून बरंच बाहेर काढू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायचा सल्ला कोणीतरी देईलच, तो ऐकू नका, त्याने रक्तातलं सोडियम वाढून दुसरंच संकट येतं. दूध पाजून "विष मारणं" पण नको, डी३ मध्ये तर आधीच रक्तात कॅल्शियम वाढायची भीती असते आणि दुधाने त्यात भरच पडते.